बोलताना ऐकू येणारा सेट

“तुम्ही रस्त्याच्या पलीकडं जावा, आणि मी हे बटण दाबून धरलेलं असताना बोला,” ह्यांनी दुकानदाराला सांगितलं.

दुकानदाराने आधी माझ्याकडे बघितलं. गिऱ्हाईक जरा सरकलेलं दिसतंय, बरोबरची बाई तरी शहाणी असेल, अशी त्याची आशा असावी. मी पदर सावरला आणि काचेच्या कपाटातल्या चार्जरांकडे बघत राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात मला एवढं कळलं होतं, की रेडिओच्या दुकानात ह्यांच्या आणि सेटच्या मध्ये उभं राहायचं नाही.

कोल्हापुरात शाहूपुरीतलं दुकान होतं ते. मंगल कार्यालयांना, साखर कारखान्याच्या वॉचमन लोकांना वॉकीटॉकी विकणारं. हौशी रेडिओवाल्यांचे सेट तो सांगितल्यावर आणून द्यायचा. त्या दिवशी त्याने खोक्यातून नवाकोरा सेट काढला होता. वर दोन खिडक्या, दोन्हींत वेगवेगळे आकडे. “काका, दोन्ही बँड एकदम चालत्यात,” असं तो छातीठोकपणे म्हणाला होता, आणि नेमका त्याच्यावरच ह्यांचा विश्वास नव्हता.

बिचारा एक छोटा सेट हातात घेऊन रस्ता ओलांडून केळीच्या गाड्यापाशी उभा राहिला. ह्यांनी नव्या सेटचं बटण दाबलं आणि घोगऱ्या आवाजात एक, दोन, तीन, चार म्हणायला सुरुवात केली. पलीकडे दुकानदाराचे ओठ हलताना दिसत होते. केळीवाला त्याच्याकडे आ वासून बघत होता. आमच्या हातातला सेट मात्र ठार मुका. ह्यांनी बटण सोडलं, तसा त्यातून आवाज फुटला, “…तंय का काका? हॅलो? येतंय का?”

“बघितलंस?” हे मला म्हणाले. “खिडक्या दोन हायत, पण बोलायला लागलं की दोन्हींना पडदा.”

दुकानदार रिक्षा चुकवत परत आला. “अहो काका, सगळेच सेट असले असत्यात. बोलायचं, बटण सोडायचं, मग ऐकायचं. दोन्ही एकदम कशाला पायजे तुम्हाला? कुणाबरोबर भांडायचं हाय काय?”

हे हसले. हसण्याचा खोकला झाला, खोकला थांबेना, तेव्हा मी पाण्याची बाटली पुढे केली. दुकानदाराचं हसू मावळलं. हे दोन घोट प्याले आणि म्हणाले, “भांडायचं न्हाई. पण मी बोलत असताना समोरचा काय म्हणतोय ते मला ऐकू आलं पायजे. असला सेट हाय काय?”

“मागवावा लागंल. दोन-तीन म्हैने लागतील.”

“म्हैने न्हाईत,” हे म्हणाले आणि सेट खोक्यात परत ठेवला.

आम्ही जयसिंगपूरचे. ह्यांचं नाव सुकुमार बिरनाळे, स्टेशन रोडला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. पोटापाण्याचा धंदा तो, आणि जिवाचा धंदा घरी, माडीवरच्या खोलीत. सरकारची परीक्षा देऊन ह्यांनी तरुणपणीच हौशी रेडिओचं लायसन घेतलं होतं, आणि त्याच्याबरोबर हवेत ओळख सांगायचं अक्षरं-आकड्यांचं चिन्ह. आपल्याच घरातून, आपल्याच सेटवरून, कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांशी हे गप्पा मारायचे. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, ही एक सवतच आहे माडीवर. पुढे कळलं, सवत बरी, तिला निदान झोप तरी लागते.

मुलगा झाला, भरतेश, त्यालाही हेच वेड. बापलेक माडीवर बसले की मी जेवायला हाका मारून मारून दमायची. भरतेशलाही लायसन मिळालं तेव्हा ह्यांनी गल्लीत पेढे वाटले होते. आणि आता तोच भरतेश भोपाळला होता, ह्यांच्याशी बोलत नव्हता. मला दुपारी दुकानाच्या वेळेत फोन करायचा. हे घरी असले आणि चुकून ह्यांनी उचलला, तर “आईला द्या,” एवढंच म्हणायचा.

त्यात ह्यांचा घसा बसला. आधी काढे झाले, गुळण्या झाल्या, हळद झाली. शेवटी मिरजेच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि समोर बसवून सांगितलं, की गाठ वाईट आहे. स्वरयंत्रच काढावं लागेल. जीव वाचेल, पण आवाज राहणार नाही. ऑपरेशन सोमवारी, रविवारी संध्याकाळी भरती व्हायचं. मी तर मुळापासून हलले. ह्यांनी एकच विचारलं, “डॉक्टर, रविवारी सकाळी थोडं बोललेलं चालंल काय?”

डॉक्टरांना वाटलं देवळात काही म्हणायचं असेल. ते हो म्हणाले.

कोल्हापूरहून परतताना एसटीत मी विषय काढला. “रविवार कशासाठी राखलाय तुम्ही?”

“मुल्ला सर सांगत होते, भरतेश दर रविवारी सकाळी सॅटेलाइटवर असतोय. हौशी लोकांचा एक छोटा उपग्रह जातोय वरनं. खालनं बोललेलं तो सगळीकडं परत खाली सोडतोय, त्याच्यावरनं बोलतोय भरतेश. लांब डोंगरावर जाऊन अँटेना धरून.”

दस्तगीर मुल्ला सर मिरजेचे, हायस्कुलात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे लायसन नव्हतं, घ्यायचंही नव्हतं. त्यांना बोलायचा शौकच नव्हता. नुसतं ऐकायचे. रात्रंदिवस कान लावून कोण कुठे काय बोलतंय ते ऐकायचं, आणि भेटलं की ह्यांना सांगायचं.

“मग फोन करा की त्याला,” मी म्हटलं. “फोनवर दोघांना एकदम ऐकू येतं. त्याला कसला सेट लागत न्हाई.”

“फोन माझा उचलत न्हाई तो.”

“मी लावून देते.”

“मग तुझ्यासाठी बोलंल. हो, न्हाई, बरं, ठेवतो.” हे खिडकीबाहेर बघत होते. “सेटवर तसं न्हाई. आपलं चिन्ह सांगून, नाव घेऊन हाक मारली, की समोरच्यानं उत्तर द्यायचंच. दुश्मन असला तरी. ती आमच्यातली रीत हाय. मीच शिकवलीय त्याला.”

“आणि आजाराचं?”

“त्याचं त्याला सांगायचं न्हाई. घसा दाखवून पोराला बोलवायचं मला जमणार न्हाई. ऑपरेशन झाल्यावर काय सांगायचं ते सांग.”

मला त्यांचा राग आला. जीवावरचं दुखणं, त्यात ही मिजास. पण त्या माणसाचे शब्द आता मोजून उरलेले, त्यांतले भांडणात कशाला घालवायचे म्हणून मी गप्प बसले. आम्हा जैनांत भाद्रपदात क्षमावाणी असते. वर्षभरात कुणाला दुखावलं असेल त्याची हात जोडून माफी मागायची. हे दरवर्षी सकाळी आंघोळ करून निघायचे, गल्लीभर फिरायचे, दुकानातल्या जुन्या गिऱ्हाइकांकडे जायचे, वाकड्या चेहऱ्याच्या भावकीकडेसुद्धा जायचे. एकाच माणसाकडे जायचं राहिलं होतं, आणि पुढची क्षमावाणी येईल तेव्हा मागायला तोंड असणार नव्हतं. हे मला कळत होतं. त्यांना काय मिळवायचंय तेही कळत होतं. फक्त त्यासाठी असलाच सेट कशाला, ते नीट कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुल्ला सर घरी आले. त्यांच्यासमोर ह्यांनी सगळे सेट मांडले. माडीवरचा मोठा सेट सॅटेलाइटच्या कामाचा नव्हता. बेळगावला एका म्हाताऱ्या मित्राकडे हवा तसा सेट होता, पण तो मुलीकडे अमेरिकेला गेलेला आणि घर बंद. दोन खिडक्यांचा नवा सेट ह्यांनी आदल्याच दिवशी नापास केला होता.

“बिरनाळे, तुम्ही एकाच सेटमध्ये तोंड आणि कान दोन्ही शोधायला लागलाय,” मुल्ला सर म्हणाले. “तुमचा जुना गाडीतला सेट हाय न्हवं? तो बोलायला ठेवा. आणि ऐकायला माझा घ्या. माझ्या सेटला बोलायचं बटणच न्हाई. त्यामुळं तो बंद व्हायचा प्रश्नच न्हाई.”

ह्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं गाठ विरघळली. “च्या मायला,” हे म्हणाले. हे कधी शिवी द्यायचे नाहीत, म्हणून मी आणि मुल्ला सर दोघंही बघत राहिलो.

शनिवारी गच्चीवर जमवाजमव झाली. माझ्या वाळवणाच्या काठीला ॲल्युमिनियमच्या कांड्या आडव्या बसवून अँटेना केली. पहिल्यांदा बोलायचा सेट दाबला तर शेजारचा ऐकायचा सेट बहिरा झाला. एकाच्या ओरडण्याने दुसऱ्याचे कान बसतात म्हणे. मुल्ला सरांनी कुठलीशी चिमुकली डबी वायरीच्या मध्ये जोडली, तेव्हा तो शुद्धीवर आला. मुल्ला सर खाली गल्लीच्या टोकाला जाऊन ह्यांच्याच एका छोट्या सेटवरून पुटपुटले, आणि ह्यांनी इकडे बटण दाबून बोलता बोलता हात वर केला. ऐकू येत होतं. बोलत होते आणि ऐकतही होते. लहान पोरासारखे हसले.

“वैनी, अँटेना तुम्हाला धरावी लागणार,” मुल्ला सर जाताना म्हणाले. “ह्यांच्या हातात आता ताकद न्हाई. दक्षिणेकडून वर येईल, डोक्यावरून उत्तरेला जाईल. मोर कसा छतावरून चालत जातो, तशी सावकाश फिरवायची. पंधरा मिनिटंसुद्धा न्हाई मिळणार.”

“तुम्ही थांबा की उद्या.”

“नको,” ते म्हणाले. “मी आयुष्यभर लोकांचं ऐकलंय. हे नको ऐकायला.”

रविवारी सकाळी गच्चीवर ऊन पसरलं होतं. आवाज घुमू नये म्हणून स्पीकर लावायचा नव्हता. इअरफोनच्या वायरीचं एक टोक ह्यांच्या कानात, दुसरं माझ्या. त्यामुळे आम्हाला अगदी खांद्याला खांदा लावून उभं राहावं लागलं. लग्नात अंतरपाट काढल्यावरसुद्धा आम्ही इतके जवळ उभे नव्हतो. कानात नुसती खरखर. अजून वेळ होता.

“काय बोलणार हाय?” मी विचारलं.

“पुराचंच.”

त्या पुराबद्दल घरात कुणी बोलायचं नाही. त्या वर्षी कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही चढल्या, गावंच्या गावं पाण्यात गेली. फोन बंद, वीज बंद. रेडिओवाल्या पोरांनी होड्यांवर सेट घेतले आणि शाळेत बसून सगळ्यांना हाकायचं, कंट्रोलचं काम ह्यांच्याकडे आलं. एका होडीवर भरतेश आणि त्याचा मित्र सन्मती मगदूम होते. सन्मती लहानपणापासून आमच्याच ताटात जेवलेला. त्यांच्या होडीच्या पंख्यात जलपर्णी अडकली, इंजिन बंद पडलं आणि होडी धारेकडे ओढली जायला लागली. भरतेश सेटवर ओरडला. पण त्याच वेळी हे बोलत होते. कुठल्या होडीनं कुठल्या वस्तीला जायचं ते एकेक सांगत होते. बोलणाऱ्या सेटला कान नसतात. ह्यांना काही ऐकू आलं नाही, आणि दोघं एकदम बोलल्यामुळे बाकीच्या होड्यांवर नुसती किरकिर ऐकू आली. हे थांबले तेव्हा सन्मती पंखा मोकळा करायला पाण्यात उतरलेला होता. तो तिसऱ्या दिवशी खालच्या गावात सापडला.

त्या संध्याकाळी भरतेश चिंब होऊन दारात आला. “अप्पा, मी हाका मारत होतो,” म्हणाला. आणि ह्यांनी काय करावं? पोराला जवळ घ्यावं की नाही? घाबरले की हे नियम सांगायचे, तसे सांगायला लागले. कंट्रोल बोलत असताना मध्ये बोलायचं नसतं. चॅनल मोकळा होईपर्यंत थांबायचं असतं. किती वेळा शिकवलंय? हे बोलत राहिले, बोलतच राहिले. भरतेशनं कमरेचा सेट काढून पायरीवर ठेवला आणि गेला. पुढे नोकरी धरली ती भोपाळला.

“पोरगं मध्ये बोललं तर ह्या वेळी मला कळलं पायजे,” हे म्हणाले. “दोघं एकदम बोलायला लागलो तर किरकिर येणार. ती ऐकू आली की मी गप्प बसणार.”

ह्यांना असलाच सेट कशाला हवा होता ते तेव्हा मला कळलं, आणि मी काठी दोन्ही हातांनी धरली.

दक्षिणेकडे धरलेल्या अँटेनात खरखर पातळ झाली. कुणी तरी केरळातला माणूस इंग्रजीत बोलत होता, मग श्रीलंकेतली एक बाई. आणि मग ओळखीचा आवाज आपलं चिन्ह सांगत आला. भरतेश. ह्यांनी बटण दाबलं, आपलं चिन्ह सांगितलं, त्याचं चिन्ह सांगितलं आणि म्हणाले, “भरतेश, अप्पा बोलतोय. मी ऐकायलोय.”

ते शब्द आकाशातून परत येऊन आमच्या कानात पडले. फाटका, खरवडलेला आवाज. रोज ऐकत होते मी तो, पण असा बाहेरून ऐकल्यावर कळलं किती गेलाय. ह्यांनाही कळलं. ते क्षणभर चमकून माझ्याकडे बघत राहिले.

बाकी सगळे एकदम शांत झाले. ह्यांचं चिन्ह जुन्या लोकांना ठाऊक होतं, आणि बापलेकाचं बिनसलेलंही ठाऊक असावं. मग भरतेशनं रीत पाळली. चिन्ह सांगून म्हणाला, “गुड मॉर्निंग. तुमचा सिग्नल चांगला येतोय.” परक्या माणसाला सांगतात तसं.

ह्यांनी बटण दाबलं. “भरतेश, मला—” आणि कानात किरकिर झाली. त्यानंही त्याच वेळी दाबलं होतं. ह्यांनी चटका बसल्यासारखं बोट काढलं. किरकिर थांबली. त्यानंही काढलं होतं. पुन्हा खरखर. हे त्याची वाट बघत होते, तो ह्यांची. दोघांनी थांबून थांबून पुन्हा एकदमच दाबलं. पुन्हा किरकिर, पुन्हा दोघांची बोटं वर.

“तू बोल,” हे म्हणाले. “आधी तू.”

“नाही अप्पा, तुम्ही बोला.”

“तू बोल. मी ऐकायलोय.”

“बोला तुम्ही. मध्ये नाही बोलणार मी.”

अप्पा म्हणाला होता तो. किती वर्षांनी. ह्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि रडताना बोलता येत नाही म्हणून हे बटण दाबायचे थांबले. अँटेना डोक्यावर आली होती. मला ओरडावंसं वाटत होतं, अरे बोला की रे कुणीतरी! आयुष्यभर एकमेकांच्या बोलण्यात बोललात, आणि आज हे काय मानपान मांडलंय? पण माझ्याकडे लायसन नव्हतं आणि माइक नव्हता. माझ्या हातात काठी होती.

“आवाजाला काय झालंय?” भरतेशनं विचारलं.

“सर्दी झालीया.”

“मग जास्त बोलू नका.”

खरखर. भरतेश पुन्हा आला, “अप्पा, त्या दिवशी पुरात मी—” आणि ह्यांचा धीर सुटला, बोट दाबलं गेलं. किरकिर. लगेच सोडलं. पण तो थांबला होता.

“बोला, तुम्ही काहीतरी म्हणत होता.”

“न्हाई, न्हाई. तू बोल. चुकून दाबलं.”

“नाही, बोला.”

अँटेना उत्तरेला कलत चालली होती. मी काठी पाण्याच्या टाकीवरून पुढे नेली. खरखरीत खड्डे पडायला लागले. ह्यांनी काहीतरी म्हटलं, ते अर्धंच परत आलं.

“अप्पा, तुमचा सिग्नल तुटायला लागलाय,” भरतेश घाईघाईनं म्हणाला. “घाई नको. पुढच्या रविवारी आधी तुम्ही बोला. मी नुसता ऐकतो. नक्की.”

पुढच्या रविवारी.

ह्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला. “भरतेश,” हे म्हणाले, “त्या दिवशी नियम चुकला न्हाई, मी चुकलो. तू मध्येच ओरडायला पायजे होतंस आणि मी ऐकायला पायजे होतं. सन्मती गेला त्यात तुझं काय न्हाई. तू दारात आलास तेव्हा मी तुला जवळ घ्यायला पायजे होतं. पोरा, मला क्षमा कर.”

पहिल्या शब्दापासूनच कानात काही परत येत नव्हतं. मी काठी आणखी खाली केली, डावीकडे नेली, उजवीकडे नेली. खरखर होती, नुसती खरखर. उपग्रह आमच्या क्षितिजाखाली गेला होता. ह्यांना ते पहिल्या शब्दालाच कळलं असणार, कारण बोलताना ऐकू यावं यासाठीच तर हे सगळं केलं होतं. तरी हे थांबले नाहीत. वाक्य पुरं केलं, शेवटी रीतीप्रमाणे आपलं चिन्ह सांगितलं आणि मग बटण सोडलं.

“गेलं न्हाई,” हे म्हणाले.

साधा सेट असता तर ह्यांना वाटलं असतं पोचलं. समाधानानं ऑपरेशनला गेले असते. मी मुल्ला सरांच्या त्या सेटला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या, की आजही लाज वाटते. इअरफोन काढून मी ह्यांना धरलं आणि आम्ही दोघं तिथेच गच्चीवर खाली बसलो.

दुपारपर्यंत ह्यांचा आवाज पार बसला. दवाखान्यात भरती झाल्यावर संध्याकाळी मी व्हरांड्यातून भरतेशला फोन लावला. डोंगरावरून खाली रेंजमध्ये आला होता तो. “आई, आज अप्पा बोलले,” पहिलंच वाक्य. मी काही न सांगता फोन ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी नाही म्हटलं नाही या वेळी. तोंडाशी धरला, ओठ हलवले. नुसती हवा येत होती. “हॅलो? आई? रेंज गेली वाटतं,” तिकडून तो म्हणत होता. ह्यांनी फोन माझ्याकडे परत दिला आणि बंद कर अशी खूण केली.

ऑपरेशन झाल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तो मिळेल त्या गाडीनं आला. खोलीत शिरला, ह्यांच्या गळ्याला लावलेली नळी बघितली आणि स्टुलावर बसून ह्यांचा हात धरला. ह्यांनी त्याच्या हातावर दोनदा थोपटलं.

“अप्पा, मी बोललो ते तुम्हाला ऐकू आलं ना?” भरतेश म्हणाला. “पुढच्या रविवारी म्हटलं खरं, पण मग मला राहवेना. मी लगेच बोललो. माझा आवाज मला नीट परत येत होता, म्हणून म्हटलं तुम्हालाही येत असणार. मी म्हटलं, अप्पा, तुम्ही ऐकलं असतं तरी दुसरी होडी वेळेत पोचली नसती. सन्मती मी नको म्हणत असताना उतरला. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण तुम्ही दारात नियम सांगितलेत, म्हणून मी ते तुम्हाला कधी सांगितलं नाही.”

ह्यांनी डोळे मिटले. मी पलंगाचा दांडा धरला. भोपाळ उत्तरेला, तिकडे उपग्रह अजून आकाशात होता. आमच्याकडे मावळला होता, त्यामुळे त्याचं एक अक्षरही आम्हाला पोचलं नव्हतं.

“तुला कळलं न्हाई होय रे?” मी म्हटलं. “त्याच वेळी हेही बोलायले होते.”

“काय?” तो ह्यांच्याकडे वळला. “काय म्हणालात अप्पा?”

सवयीनं विचारलं त्यानं. विचारून झाल्यावर त्याला कळलं. ह्यांचा हात गळ्याच्या पट्टीपर्यंत गेला आणि परत चादरीवर आला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

मग मी सांगितलं. नियम चुकला न्हाई, मी चुकलो, इथपासून शेवटपर्यंत, जसंच्या तसं, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. पोरा, मला क्षमा कर, हेही सांगितलं.

भरतेश खाली मान घालून ऐकत होता. सगळं झाल्यावर म्हणाला, “परत सांग.”

मी परत सांगायला लागले. हे माझ्या ओठांकडे बघत होते.